रात्री एक वाजता बिघडलेले यंत्र सकाळी साडेसातला का कळते?

तापीकाठ (प्रश्न)

नमस्कार. रावेर तालुक्यातील केळीच्या एका पॅकहाऊसचे व्यवस्थापन मी गेली सहा वर्षे पाहतो आहे. आमच्याकडे घडाच्या फण्या काढून, तुरटीच्या पाण्यात चीक धुऊन, १३ किलोच्या खोक्यांत माल भरतात. मग तो चेंबरमध्ये गार करून रीफर कंटेनरने, म्हणजे आतून गार राहणाऱ्या कंटेनरने, न्हावाशेवा बंदराकडे जातो. ज्यांचा केळीशी खाण्यापलीकडे संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी एवढे सांगतो की, मे महिन्यात बागेतून आलेल्या केळीच्या गराचे तापमान ३० अंशांच्या वर असते, ते १३-१४ अंशांवर आणावे लागते आणि तिथेच धरून ठेवावे लागते. त्याच्या खाली गेले तर साल काळवंडते, वर गेले तर फळ पिकायच्या वाटेला लागते, आणि एक फणी पिकू लागली की तिच्यातून निघणारा इथिलीन वायू शेजारच्या हिरव्या फण्यांनाही आपल्यासोबत ओढतो.

प्रसंग असा घडला. मे महिन्यातील एका रात्री वादळी वारा सुटला, वीज गेली, जनरेटर सुरू झाला आणि वीज परत आल्यावर दोनपैकी एक कंप्रेसर बंद पडला. रात्रपाळीच्या ऑपरेटरला ही गोष्ट पाऊण वाजता समजली. त्याने कंप्रेसर पुन्हा सुरू केला, तो पंधरा-वीस मिनिटे चालला आणि पुन्हा बंद पडला. पहाटे पाचपर्यंत त्याचा हाच खेळ चालला होता. मी सकाळी साडेसातला आलो तेव्हा चेंबरबाहेरच्या फलकावर १९.५ हा आकडा दिसत होता. नोंदवहीत मात्र १, २, ३, ४ आणि ५ वाजताच्या पाचही ओळींत १४ लिहिलेले होते, आणि ते एकाच दमात लिहिलेले असल्याचे अक्षराच्या तिरकेपणावरूनच कळत होते. माझे घर पॅकहाऊसपासून सात किलोमीटरवर आहे, माझा फोन रात्रभर चालू असतो आणि दुरुस्ती करणारा माणूस सावद्याहून अर्ध्या तासात येऊ शकतो.

मी त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, तुम्ही दिवसभर उन्हात होतात, म्हटलं झोपमोड कशाला करायची; मला वाटलं की होईल दुरुस्त." बराच वेळ गेल्यावर त्याने खाली मान घालून आणखी एक गोष्ट सांगितली. मार्च महिन्यात दुसऱ्या एका मुलाने मला रात्री दोन वाजता फोन केला होता, मी धावत गेलो तर तापमापकाची वायर सैल झालेली निघाली, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी सगळ्यांदेखत त्या मुलाला "एवढंही कळत नाही का?" असे म्हणालो होतो. हे मला आठवतही नव्हते. त्यांच्यापैकी प्रत्येकाला ते आठवत होते.

त्या दिवशी कंप्रेसर दुरुस्त झाला, माल पुन्हा गार करण्यात आला आणि नंतर कंटेनर भरला गेला. अकरा दिवसांनी आखाती देशातील खरेदीदाराकडून छायाचित्रे आली. बऱ्याच खोक्यांत केळी पिवळी पडली होती आणि त्याने दरात मोठी कपात मागितली आहे. शेठ विचारत आहेत की हे झाले कसे.

मला येथील अनुभवी मंडळींना विचारायचे आहे की, वाईट बातमी वेळेवर आपल्यापर्यंत यावी म्हणून तुमच्याकडे नेमके काय करतात. मी एक व्हॉट्सअॅप गट तयार केला आहे आणि खोटी नोंद करणाऱ्याला पाचशे रुपये दंड लावण्याच्या विचारात आहे. आमच्याकडे अहिराणी बोलणारी, लेवा बोली बोलणारी, सातपुड्यातून आलेली पावरा मुले आणि काही परप्रांतीय असे चाळीस जण काम करतात, त्यामुळे लेखी सूचना सगळ्यांना सारखी कळेलच असे नाही.

रोखठोक_चोपडा

दंड कसला लावता, त्याला घरी पाठवा. यंत्र बंद पडणे हा दोष नाही, फोन न करणे एकवेळ माफ करता येईल. परंतु पाच ओळी खोट्या लिहिणाऱ्या माणसाच्या हाती वीस टन माल देणे हा धंदा नव्हे. माझे स्वतःचे गोदाम आहे आणि मी असाच नियम ठेवला आहे. चार जणांना काढल्यावर पाचवा आपोआप खरे लिहू लागतो.

निवृत्त_भुसावळ

रोखठोक भाऊंचा राग मी समजू शकतो. तरीही त्यांच्या गोदामातील पाचवा माणूस खरे लिहितो की अधिक सफाईने खोटे लिहितो, हे त्यांनी एकदा रात्री स्वतः जाऊन पाहावे, असे मला सुचवावेसे वाटते.

मी रेल्वेत स्टेशनमास्तर होतो. नोकरीचा बराचसा काळ लहान स्थानकांवर, रात्रपाळीत गेला. तुमच्या प्रश्नाचे मूळ मला 'कळवणे' आणि 'कळणे' या दोन क्रियापदांमधल्या अंतरात दिसते. रेल्वेच्या कामकाजात या अंतरावर कोणीही विश्वास ठेवत नाही. पुढे रुळांचे काम चालू असेल आणि गाडी सावकाश न्यायची असेल तर चालकाला ते नुसते सांगून भागत नाही. त्याला सतर्कता आदेशाचा कागद दिला जातो आणि त्याची सही घेतली जाते. इंजिनात चालक आणि सहचालक दोघांनाही समोरचा सिग्नल दिसत असतो, तरी ते त्याचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. नव्या माणसाला हे पोरखेळासारखे वाटते.

रेल्वे फाटकाचा प्रकार तर तुम्हाला थेट उपयोगी पडेल. जिथे फाटक सिग्नलशी जोडलेले नसते तिथे गाडी सोडण्यापूर्वी स्टेशनमास्तर फाटकवाल्याला फोन करतो आणि फाटक बंद झाल्याची खात्री म्हणून फाटकवाला त्याच्याजवळच्या तक्त्यातील एक प्रायव्हेट नंबर सांगतो. तो आकडा दोन्हीकडे लिहिला जातो आणि तक्त्यावर खोडला जातो, म्हणजे तोच आकडा पुन्हा देता येत नाही. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, कापसाच्या हंगामात, मी असाच फोन केला आणि पलीकडून उत्तर आले, "हो साहेब, बंद करतो." मी आकडा मागितला. तो म्हणाला, "देतो साहेब, सोडा तुम्ही गाडी." मी पुन्हा आकडा मागितला आणि तेव्हा त्याने सांगितले की, कापसाने भरलेल्या बैलगाडीचे चाक दोन फाटकांच्या मध्ये अडकले आहे आणि चार माणसे ते काढत आहेत. तो बेपर्वा नव्हता. दोन मिनिटांत चाक निघेल आणि साहेबांना सांगायची वेळच येणार नाही, अशी त्याची आशा होती. तुमच्या ऑपरेटरचे "होईल दुरुस्त" हे त्याच जातीचे आहे. 'बंद करतो' आणि 'बंद केले' यांतला फरक ओळखायला मी त्या रात्री शिकलो, आणि पुढे तीस वर्षे फोनवर क्रियापदाचा काळ ऐकण्याची मला सवयच लागली. अजूनही नातू "अभ्यास करतोय" म्हणाला की मी वही मागतो.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गाडी अकरा मिनिटे थांबली आणि कंट्रोलने, म्हणजे गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या नियंत्रण कक्षाने, कारण विचारले. मी कारण सांगितले, मात्र त्यात फाटकवाल्याचा दोष म्हणून काही घातले नाही, कारण गाडी थांबली होती ती त्याने शेवटी खरे सांगितले म्हणूनच. त्यानंतर मी त्या स्थानकावर असेपर्यंत त्या फाटकावर जनावर अडकले, दोर तुटला, कंदील विझला, काहीही झाले तरी तो माझ्या फोनची वाट न पाहता स्वतः आधी फोन करीत असे. त्यातले अर्धे फोन निरर्थक होते. तुम्ही मार्च महिन्यात ज्या मुलाला चहाच्या वेळी बोललात, तो असाच एक निरर्थक फोन होता, आणि अशा फोनांची किंमत मोजल्याशिवाय उपयोगाचा फोन येत नाही.

आणखी एक. रूळ तुटलेला दिसला तर गस्तीवाला आधी स्टेशनकडे धावत नाही. आधी तो लाल दिवा दाखवतो, ठरलेल्या अंतरांवर रुळावर फटाके लावतो, जे चाकाखाली फुटून चालकाला इशारा देतात, आणि मगच खबर देतो. म्हणजे धोक्याच्या वेळी कोणाची परवानगी न घेता काय करायचे, हे त्याला आधीच ठाऊक असते. तुमच्या मुलाला रात्री पाऊण वाजता काय काय करण्याचा अधिकार होता? सावद्याच्या दुरुस्तीवाल्याला तो तुम्हाला न विचारता बोलावू शकत होता का?

परिचारिका_धुळे

दादा, मी सोळा वर्षे रुग्णालयात काम करते आहे आणि त्यातली बहुतेक वर्षे अतिदक्षता विभागात गेली आहेत. काकांनी सांगितलेली पद्धत आमच्याकडे वेगळ्या रूपात आहे. प्रयोगशाळेतून रात्री फोन आला की अमुक रुग्णाचे पोटॅशियम ६.८ आहे, तर मी तो आकडा लिहून घेते, रुग्णाच्या नावासह परत वाचून दाखवते आणि पलीकडच्या माणसाने "बरोबर" म्हटल्यावर वेळ व दोघांची नावे लिहिते. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या आसपास असते आणि ६.५ च्या वर गेले की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, त्यामुळे '६.८' च्या जागी '५.८' ऐकू आले तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

मला खरे तर खोट्या नोंदीविषयी बोलायचे आहे, कारण रोखठोक दादांचे म्हणणे मी पूर्ण झटकून टाकणार नाही. आमच्या तक्त्यावर न घेतलेला रक्तदाब घेतल्यासारखा लिहिणे हा मोठा अपराध आहे, आणि तो तसाच असला पाहिजे. परंतु एका विभागात मी अशा नोंदी सर्रास पाहिल्या आहेत आणि त्याचे कारणही पाहिले आहे. तिथल्या वरिष्ठ बाई सकाळी तक्ता हातात घेऊन सर्वांत आधी रिकाम्या चौकटी शोधत असत, आणि रिकाम्या चौकटीवरून जेवढे बोलणे खावे लागे तेवढे चुकीच्या आकड्यावरून कधीच खावे लागत नसे. मग चौकटी भरू लागल्या. नंतर आलेल्या सिस्टरांनी एवढेच केले की, नोंद घेता आली नाही तर 'घेतली नाही' असे कारणासह लिहायचे आणि त्याबद्दल कोणी काही बोलायचे नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकले. तुमच्या नोंदवहीत 'पाहिले नाही' असे लिहिण्याची सोय आहे का, आणि तसे लिहिलेले तुम्ही निमूटपणे वाचू शकाल का, याचा आधी विचार करा. त्यानंतरही कोणी खोटे लिहिले तर दंड जरूर लावा.

दुसरे म्हणजे, मोठ्या डॉक्टरांना रात्री उठवावे की नाही, हा निर्णय नव्या परिचारिकेवर टाकू नये. ती नव्वद टक्के वेळा नाहीच उठवणार. आमच्या भिंतीवर आकडे लावलेले आहेत. ऑक्सिजन इतक्याच्या खाली, लघवी इतक्या तासांत इतक्यापेक्षा कमी, तर फोन करायचाच. त्यामुळे फोन करणारीला "सॉरी सर, त्रास देते" असे म्हणावे लागत नाही. आकड्याने फोन केलेला असतो. तुमच्याकडे तर तापमानाचा एकच आकडा आहे, म्हणजे काम सोपे आहे. १५ अंशांवर वीस मिनिटे राहिले की फोन, आणि पहिल्याने उचलला नाही तर दुसरा कोणाला, तेही लिहून ठेवा.

जिनिंगचा_मुनीम

आमच्याकडे कापूस आहे, तेव्हा थोडक्यात सांगतो. कापसात आलेला एखादा लोखंडी तुकडा यंत्रात घासला की ठिणगी पडते, आणि ती रुईबरोबर गाठीत गेली तर १७० किलोच्या गाठीच्या पोटात आग दिवस-दिवस धुमसत राहते. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून जळका वास आला की कोणत्याही बाईने, कोणत्याही पोराने यंत्र थांबवायचे, मुकादमाला विचारत बसायचे नाही, असा आमच्या मालकांच्या वडिलांपासूनचा दंडक आहे. वास खोटा निघाला तरी कोणी हसत नाही. मालक स्वतः हसत नाहीत, म्हणून.

तुमच्या शीतगृहात गारव्यासाठी अमोनिया हा विषारी वायू वापरत असाल तर हा विषय मालाच्या नुकसानीपुरता राहत नाही, हेही लक्षात घ्या. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात जे नवे प्रकरण घातले गेले त्यात घातक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यातील कामगाराला जीवाला तातडीचा धोका दिसल्यास तो वरिष्ठांच्या नजरेस आणून देण्याचा हक्क कलम ४१-एच मध्ये स्वतंत्रपणे लिहिला गेला. "धोका आहे" एवढे म्हणायलाही कायद्याला हक्क द्यावा लागला, यावरून खालच्या माणसाला तोंड उघडणे किती जड जाते याचा अंदाज यावा.

तापीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काका, तुमच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे; दुरुस्तीवाल्याला बोलावण्यासाठी माझी संमती लागत असे, कारण तो रात्रीचे दीडपट पैसे घेतो. ताई, १५ अंशांचा नियम मी आजच लाल अक्षरांत चेंबरच्या दारावर लावला आहे आणि आकडा व फोनचे चित्र एवढेच काढले आहे, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही ते समजेल. आता प्रश्न फक्त व्हॉट्सअॅप गटाचा उरतो. तो ठेवावा की नाही? आठवडाभरात त्यावर आलेल्या संदेशांत सुप्रभात आणि वाढदिवसाच्या शुभेच्छाच जास्त आहेत, तरीही सगळ्यांना एकदम सांगण्याची सोय म्हणून तो मला बरा वाटतो.

रात्रपाळी_एमआयडीसी

साहेब, मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिक पाइपच्या एका कारखान्यात रात्रपाळी करतो, म्हणजे तुमच्या गोष्टीतील ऑपरेटरच्या जागचा माणूस आहे. लहान तोंडी मोठा घास वाटेल, पण लिहितो.

गट ठेवा, परंतु तातडीची गोष्ट त्यावर टाकू देऊ नका. आमच्याकडे मशीनचा हीटर गेल्याची खबर एकाने गटावर टाकली होती. चौतीस जणांनी ती वाचली, दोघांनी अंगठा दाखवला आणि प्रत्येकाला वाटले की दुसऱ्याने फोन केला असेल. सकाळी त्याचे म्हणणे होते की मी तर टाकले होते. त्याचे चुकले असे मला आजही म्हणता येत नाही, कारण त्याला तेवढेच सांगितलेले होते. काकांचे 'कळवणे' आणि 'कळणे' हेच असावे.

आता दुसरी गोष्ट. खालच्या माणसाने वर सांगावे असे सगळ्यांना वाटते, पण वरून खाली काय येते? तुमच्या त्या ऑपरेटरला हे माहीत होते का, की एका रात्री १९ अंशांपर्यंत गेलेली केळी कंटेनरमध्ये आठवडाभराने पिवळी पडते? त्याच्यासमोर सकाळी खोकी हिरवीगारच होती. मला दोन वर्षे कोणी सांगितले नव्हते की पाइपची जाडी थोडी कमी झाली तर शेतात उन्हाळ्यात तो पाइप फाटतो. मी फक्त आकडा लिहीत होतो. एकदा आमच्या पर्यवेक्षकांनी एका शेतकऱ्याकडून परत आलेला फाटका पाइप आणून आमच्या टेबलावर ठेवला. तो अजून तिथेच आहे. त्या दिवसापासून मी तो आकडा निराळ्या डोळ्यांनी पाहतो. खरेदीदाराने पाठवलेली छायाचित्रे तुम्ही त्या ऑपरेटरला दाखवलीत का?

आणि शेवटचे, राग मानू नका. तुम्ही लिहिले आहे की "माल पुन्हा गार करण्यात आला आणि नंतर कंटेनर भरला गेला". भरला कोणी? सकाळी साडेसातला तुम्हाला १९.५ हा आकडा दिसला होता. त्या मुलाने सात तास लपवले हे खरे आहे. पण शेठना आणि खरेदीदाराला ती गोष्ट कधी कळली? तुमच्या लिहिण्यावरून असे वाटते की अकरा दिवसांनी, छायाचित्रे आल्यावर, आणि अजूनही शेठ विचारतच आहेत.

तापीकाठ

हे उत्तर वाचून मी तीन दिवस येथे काही लिहिले नाही.

कंटेनर मी भरला. जहाजावरची जागा आधीच ठरलेली होती, माल पुन्हा १४ अंशांवर आला होता, गर कापून पाहिला तेव्हा तो कडक व पांढरा होता, आणि मला वाटले की निभावून जाईल. हे शब्द लिहिताना मला दिसते आहे की ते ऑपरेटरच्या "होईल दुरुस्त" या शब्दांहून वेगळे नाहीत. फरक एवढाच की त्याने पाच ओळी खोट्या लिहिल्या आणि मी एकही ओळ लिहिली नाही. शेठना मी सांगितले नाही, कारण दोन वर्षांपूर्वी एका भाडेकराराच्या चुकीवरून त्यांनी मला मुनीम आणि ड्रायव्हरसमोर जे ऐकवले होते, ते मलाही शब्दन् शब्द आठवते.

आणखी एक गोष्ट मी मूळ प्रश्नात लिहिली नव्हती. त्या रात्री चेंबरमध्ये दोन कंटेनरचा माल होता. दुसरा कंटेनर चार दिवसांनी, अधिक लांबच्या बंदराकडे निघाला होता आणि मी हे वाचत होतो तेव्हा तो समुद्रात होता. पहिल्याचे जे झाले ते दुसऱ्याचे होऊ नये, यासाठी करण्याजोगे थोडे काही अजून शिल्लक होते, आणि ते मी सांगितल्याखेरीज कोणी करू शकणार नव्हते. परवा संध्याकाळी मी पॅकहाऊसच्या फाटकाबाहेर उभा राहून शेठना फोन केला आणि पाऊण वाजल्यापासून कंटेनर भरेपर्यंतची सगळी हकीकत क्रमाने सांगितली. मी बोलणे थांबवल्यावर पलीकडून बराच वेळ काही आले नाही. मग त्यांनी फक्त दुसऱ्या कंटेनरचा क्रमांक विचारला, मी सांगितला, त्यांनी तो परत वाचून दाखवला आणि फोन ठेवला. त्यांनी त्या खरेदीदाराला रात्रीच कळवले. कंटेनर बंदरावर उतरताच आधी तोच उघडून माल साठवणुकीत न ठेवता जवळच्या बाजारात लगेच विकायचा, असे ठरले आहे. दर कमी मिळेल. किती कमी ते पुढच्या आठवड्यात कळेल, आणि शेठ माझ्याशी काय बोलणार आहेत तेही तेव्हाच कळेल.

ऑपरेटरला मी कामावर ठेवले आहे. त्याला ती छायाचित्रे दाखवली तेव्हा त्याने मोबाइल हातात घेऊन ती बोटांनी मोठी करून पाहिली आणि खोक्यावरचा आमच्याच पॅकहाऊसचा शिक्का ओळखला. मार्चमधल्या मुलाला मी चहाच्या वेळी, पुन्हा सगळ्यांदेखत, त्याचा फोन योग्य होता असे सांगितले. तो इतका लाजला की ग्लास तसाच ठेवून खोकी भरायला निघून गेला. दंडाचा विचार मी तूर्त बाजूला ठेवला आहे आणि दुरुस्तीवाल्याचा क्रमांक दारावरच्या लाल अक्षरांखाली लिहिला आहे.

काल रात्री सव्वाअकराला फोन आला. मी गेलो, तर चेंबरच्या दाराचे रबर एका कोपऱ्यात दुमडले होते आणि गार हवा बाहेर येत होती; ते सरळ करायला दोन मिनिटे लागली. परत येताना सातपुड्याच्या बाजूला विजा चमकत होत्या. आज सकाळी नोंदवही पाहिली तेव्हा तीन वाजताच्या ओळीत आकडा नव्हता, आणि त्याच्या पुढे वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले होते, "लाईट गेलती, पाह्यलं नाही."